बडोद्यात अलॉयची पावडर पुन्हा पुन्हा का फुगते, आणि पाठोपाठ हवा का उतरते

तक्रार ठरलेली असते. दिवाळीच्या सुमारास क्रूझर मोटरसायकलची अलॉय चाकं काढून मॅट ब्लॅक नाहीतर ब्रॉन्झ पावडर कोट (कोरडी रंगाची पूड मारून भट्टीत पकवायची) करून घेतली, उत्तरायण-होळीपर्यंत झकास दिसली, आणि पहिल्याच पावसाळ्यात रिमच्या कडेला फोड. नखाने दाबलं की फुटतो, आत पांढरी भुकटी. त्याच महिन्यात मागच्या टायरची हवा आठवड्याला चार-पाच पीएसआय उतरायला लागते. पंक्चरवाला चाक पाण्यात फिरवून बघतो, खिळा काही सापडत नाही. मग दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या ब्रँडची पावडर, आणि पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

ब्रँड बदलून हे थांबत नाही, कारण गडबड पावडरच्या खाली असते. चाकावर काय राहून गेलं, कुठल्या पाण्याने ते धुतलं आणि कुठला भाग झाकायचा राहिला, या तीन प्रश्नांत बहुतेक केसेस निकालात निघतात.

फोड कुठे आलाय ते आधी बघा

चाक धुऊन पूर्ण कोरडं करा आणि मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका पाडा. सरळ उजेडात बारीक फुगवटे दिसतच नाहीत.

फोड फक्त रिमच्या ओठावर किंवा व्हॉल्व्हभोवती असतील, तर ओल कडेवरून आत शिरली आहे. टायर चढवताना लिव्हरने टवका उडालेला असतो, तिथूनच सुरुवात होते. टवक्यापासून केसाइतक्या बारीक, नागमोडी रेषा कोटिंगखाली सरकत गेलेल्या दिसल्या तर तो क्लोराइडने होणारा ॲल्युमिनियमचा गंज. खंभातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाऊन आलेली, खाऱ्या चिखलासकट आठवडाभर तशीच उभी राहिलेली गाडी याला हमखास गिऱ्हाईक.

फोड चाकभर, सपाट भागावरही विखुरलेले असतील, तर कोटिंगखाली क्षार राहिले आहेत. पावडरचा थर पाण्याला अडवतो पण बाष्पाला पूर्ण अडवत नाही. खाली मीठ असलं की ते बाष्प ओढून घेतं, पाणी साचतं आणि थर उचलला जातो. जून ते सप्टेंबर बडोद्याच्या हवेत बाष्पाला तोटा नसतो.

टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं भट्टीतून बाहेर आल्या दिवसापासूनच असतील, आणि तीही हबजवळ किंवा आऱ्यांच्या जाड मुळाशी, तर ती ओतकामाच्या पोकळ्यांत अडकलेली हवा आणि तेल आहे. ते भट्टीत उकळून वर आलं. तपकिरी ठिपके दिसले तर ब्लास्टिंगला (हवेच्या जोरावर खरखरीत कण मारून धातू साफ करायला) लोखंडी ग्रिट, म्हणजे लोखंडी कण वापरले. ते मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसले आणि आता गंजताहेत. आणि पापुद्रा मोठा निघतोय, खालचा धातू गुळगुळीत चकचकीत आहे, तर ब्लास्टिंग झालंच नाही. जुन्या क्लिअरवर (वरच्या पारदर्शक थरावर) नुसता पेपर फिरवून पावडर मारली.

सात टाक्यांचा घोटाळा

मकरपुरा जीआयडीसी (बडोद्याची औद्योगिक वसाहत) आणि आसपास पावडर कोटिंगचं जॉबवर्क मुबलक होतं, पण बऱ्याच ठिकाणचं रोजचं काम लोखंडी पत्र्याचं: पॅनेल, कपाटं, ग्रिल. त्यासाठी ‘सेव्हन टँक’ लाइन असते. तेल काढणं, गंज काढणारं ॲसिड, मधे पाणी, मग फॉस्फेटिंग आणि पॅसिव्हेशन. लोखंडासाठी ही लाइन उत्तम. ॲल्युमिनियमवर मात्र लोखंडासाठी बनवलेलं फॉस्फेट नीट बसत नाही, आणि गंज काढायच्या टाकीतलं ॲसिड ओतकामाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. वरून कितीही महाग पावडर मारा, खाली ॲसिड शिल्लक आहे.

म्हणून दुकानात गेल्यावर रंगाचं कार्ड मागायच्या आधी एवढंच विचारा: “भाई, एल्युमिनियम माटे अलग टांकी छे?” उत्तर ‘बधूं एकज’ (सगळ्याला एकच) असं आलं तर चाक परत गाडीवर ठेवा. झिर्कोनियमवर आधारलेलं क्रोममुक्त कन्व्हर्जन कोटिंग (पावडरला पकड देणारा पातळ रासायनिक थर) किंवा पिवळसर क्रोमेट, दोन्हीपैकी एक हवं. ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाज्यांची प्रोफाइल कोट करणाऱ्यांकडे हे असण्याची शक्यता जास्त, तेव्हा शोध तिथून सुरू करा. क्रोमेट घरी करायच्या भानगडीत पडू नका. त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे.

जुना थर काढताना दोन गोष्टी ठाम नाकारायच्या. पहिली कॉस्टिक सोडा. तो रंगाबरोबर ॲल्युमिनियमही खातो, हायड्रोजन सोडतो आणि बेअरिंगच्या खाचेचं माप बिघडवतो. दुसरी जाळून रंग काढायची भट्टी. तिचं तापमान ४०० अंशांच्या आसपास जातं. बरीच कास्ट चाकं ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियम मिश्रधातूची असतात आणि त्यांना शेवटची कणखरता साधारण १५५ अंशांवर काही तास ठेवून दिलेली असते. ४०० अंशांत ती गेलीच म्हणून समजा. चाक दिसायला तसंच राहतं, खड्ड्यात मात्र वाकतं. रंग काढायला ॲल्युमिनियमला चालणारा स्ट्रिपर आणि नंतर ब्लास्टिंग, हाच रस्ता.

ब्लास्टिंग ते भट्टी

ब्लास्टिंगला ॲल्युमिनियम ऑक्साइड, ८० ते १२० मेश, दाब ३ ते ४ बार. त्याच बूथमध्ये सकाळी गेटचे लोखंडी पाइप ब्लास्ट झाले असतील तर ऑक्साइड वापरूनही उपयोग नाही, जुनी धूळ त्यात मिसळलेली असते. ताजी ग्रिट भरायला लावा, थोडे पैसे जास्त द्या. बेअरिंगच्या खाचांना आधी रबरी बूच. ओठाची धारदार कड १८०च्या पेपरने किंचित गोल करून घ्या, कारण भट्टीत वितळलेली पावडर धारेवरून मागे सरकते आणि नेमका तिथला थर पातळ राहतो.

ब्लास्ट झालेल्या चाकाला उघडा हात लावायचा नाही. तेल काढून झाल्यावर त्यावर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला पाहिजे. तो कुठे फाटला, थेंब जमले, तर तिथे तेल किंवा सिलिकॉन आहे. टायर चकचकीत करायच्या पॉलिशचं सिलिकॉन फार चिवट असतं. पुन्हा धुवा.

शेवटचं पाणी हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्त भाग. बोअरच्या पाण्याने शेवटचा हात फिरवला की वाळताना सगळे क्षार चाकावरच राहतात आणि चाकभर विखुरलेले फोड तिथूनच उगवतात. घरी आरओसाठी घेतलेलं, पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएसचं पेन खिशात घालून जा. चाकावरून ओघळून खाली पडणारं पाणी भांड्यात धरा आणि पेन बुडवा. आकडा १५-२०च्या आत यायला हवा. टाकीतलं पाणी मोजून काही कळत नाही, ओघळणारं मोजायचं. घरच्या आरओचं पाणीसुद्धा बहुधा यात बसत नाही. बॅटरीत घालायचं डीएम पाणी घ्या, दोन चाकांना १० लिटर पुरतं. दुकानदार हसेल, हसू द्या.

मग छिद्रांतली हवा काढायची. पावडर मारण्याआधी रिकामं चाक भट्टीत, धातू १८०-१९० अंशांवर, २० ते ३० मिनिटं. जी घाण उकळून वर यायची ती इथेच येते, डाग दिसले की पुसून पुन्हा तापवा. त्यानंतर इपॉक्सी प्रायमर पावडर सुमारे ६० मायक्रॉन, अर्धवट पकवून, आणि वर पॉलिएस्टर टॉपकोट ६० ते ८०. टॉपकोटला ‘हायब्रिड’ म्हणजे इपॉक्सी-पॉलिएस्टर घेऊ नका. ती घरातल्या फर्निचरची पावडर. इथल्या उन्हात तिची चमक जाते आणि बोटाला खडूसारखी भुकटी लागते. पाकिटावर बाहेरच्या वापराची प्युअर पॉलिएस्टर आहे ना, ते डोळ्यांनी वाचा.

पकवण्याबाबत एक फसवणूक नेहमी होते, आणि ती मुद्दाम केलेली नसते. चाक पत्र्यांच्या खेपेबरोबर टांगलं जातं. पत्रा पाच-सात मिनिटांत तापतो, चाकाचा जाड हब तेव्हा कुठे १४०-१५० अंशांवर असतो. डायल २०० दाखवतं, वेळ पत्र्याच्या हिशेबाने संपते आणि हबवरची पावडर अर्धी कच्ची राहते. अशी पावडर दिसायला ठीक असते, पहिल्या पावसात सुटते. पावडरवाल्याने दिलेला वेळ धातू त्या तापमानाला पोचल्यापासून धरायचा. हबवर इन्फ्रारेड गन मारून घ्यायला सांगा. तपासणी सोपी आहे: एमईकेत (मिथाइल इथाइल कीटोन या सॉल्व्हंटमध्ये) भिजवलेला कापूस आतल्या बाजूला दाबून २५-३० वेळा घासा. रंग बोटाला आला किंवा पृष्ठभाग मऊ पडला तर पुन्हा भट्टी. उलट टोकाला, घाई नको म्हणून चाक तासभर २०० अंशांवर ठेवणंही चूक, वर सांगितलेली कणखरता तशीच हळूहळू उतरते. १६०-१८० अंशांवर पिकणारी पावडर मिळाली तर तीच घ्या, आणि एकाच चाकावर तीन-तीन वेळा कोटिंग टाळा.

काय झाकायचं

बेअरिंग काढल्याशिवाय चाक भट्टीत जाता कामा नये. ग्रीस वितळतं, रबरी सील भाजतात. काढलेली बेअरिंग परत बसवू नका. आतल्या रिंगवर ठोकून निघालेली असतात, गोळ्यांच्या वाटेवर खुणा पडलेल्या असतात.

पावडर लागू द्यायची नाही अशा जागा: बेअरिंगच्या दोन्ही खाचा, डिस्क बसते तो चेहरा आणि तिचे आटे, एबीएस रिंगची बैठक, स्प्रॉकेटच्या बाजूच्या रबरांचे कप्पे, स्पेसर टेकतात ती जागा, व्हॉल्व्हचं भोक. डिस्कखाली ८० मायक्रॉन पावडर राहिली तर सुरुवातीला काही कळत नाही. बोल्टच्या दाबाखाली ती दबत जाते, बोल्ट सैल होतात, डिस्क डुलते आणि ब्रेक लिव्हर हाताला थरथरते. एबीएसचा दिवा लागला तर रिंग आणि सेन्सरमधलं अंतर बघा. ते एखाद्या मिलिमीटरचंच असतं, त्यात कोटिंगची भर पडते. झाकायला पॉलिएस्टरची हिरवी उष्णतारोधक टेप आणि सिलिकॉनची बुचं. साधी मास्किंग टेप भट्टीत जळून चिकटते.

टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट टेकणारी आतली कड, जिथे बसते त्या पट्टीबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात: पूर्ण पावडर, नाहीतर अगदी उघडी. दोन्ही नकोत. पावडरचा जाड, लाटालाटांचा थर बीडला घट्ट बसू देत नाही. उघडं ॲल्युमिनियम आतल्या ओलीने पांढरं होतं. मधला खोलगट भाग पावडरने झाकावा, त्याने ओतकामाची बारीक छिद्रंही बुजतात. बीडची पट्टी मात्र टेपने झाकून नंतर टू-पॅक (हार्डनर मिसळून लावायच्या) इपॉक्सी प्रायमरचा २५-३० मायक्रॉनचा एकच हात, आणि टायर चढवण्याआधी निदान तीन-चार दिवस सुकवण.

हवा उतरते तेव्हा

आधी खात्री करा की ती खरंच उतरते. तापमान ५-६ अंशांनी खाली आलं की दाब साधारण १ पीएसआय कमी दिसतो. दुपारी पंपावर भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे मोजली तर तीन पीएसआयचा फरक काहीच नाही. थंड टायर, रोज एकच वेळ, तुमचा स्वतःचा गेज.

उतरतेच आहे, तर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर भांड्यांचा साबण, आणि रंगाच्या ब्रशने क्रम लावून: व्हॉल्व्हचा पिन, व्हॉल्व्हचं बूड, दोन्ही बाजूंची बीड, शेवटी आऱ्यांची मुळं. बीडची गळती फार हळू असते. पाण्यात चाक फिरवताना बुडबुडा दिसत नाही, साबणावर दोन-तीन मिनिटांनी बारीक पांढरा फेस जमतो. पंक्चरवाल्याला घाई असते, म्हणून त्याला सापडत नाही. फेस आऱ्याच्या मुळाशी धातूतूनच आला तर तडा किंवा ओतकामातलं छिद्र. तिथे आधी डाय पेनिट्रंट तपासणी: लाल रंग १०-१५ मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर. लाल रेघ उमटली तर चाक भंगारात. वेल्डिंगवाल्याकडे नाही.

व्हॉल्व्हच्या बुडाशी गळती असेल तर भोकाच्या काठावरचा थर खरवडून काढा आणि व्हॉल्व्ह नवा घाला. टीआर ४१२ जातीच्या रबरी व्हॉल्व्हला भोक ११.५ मिमी लागतं. पावडरने ते ११.२ झालं तर रबर चिरतच आत जातं.

बीडवर पांढरी भुकटी असेल तर टायर उतरवून मरून रंगाच्या स्कॉचब्राइटने, मग ३२०च्या पेपरने पट्टी गोलाईत साफ करा. ग्राइंडरवरचा तारेचा ब्रश लावलात की पट्टीवर आडवे चरे पडतात, आणि प्रत्येक चरा म्हणजे हवेला वाट. साफ झाल्यावर वर सांगितलेलाच टू-पॅक इपॉक्सीचा हात. टायर चढवताना कपड्यांच्या साबणाचं पाणी लावू नये, त्यातला सोडा बीडमागे वर्षभर मुरतो. टायरची पेस्ट मिळते, ती छोटा डबा घेऊनच जा. सपाट लोखंडी लिव्हर रिमला थेट लावू देऊ नका. नायलॉनच्या डोक्याचं मशीन असलेलं दुकान शोधा, नाहीतर प्लास्टिकचे रिम प्रोटेक्टर. बीड बसताना ४० पीएसआयच्या वर जाऊ नये. टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिमपासून चहूकडे सारख्या अंतरावर आली म्हणजे बसली. अमोनिया असलेलं पंक्चर सीलंट मात्र या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतं, ॲल्युमिनियम आतून खातं.

जोडणी

हब ८०-९० अंशांपर्यंत तापवा, बेअरिंग बाहेरच्या रिंगवरच दाबून घाला, आणि दोन बेअरिंगच्या मधली नळी विसरू नका. ती नसेल तर एक्सल आवळताच बेअरिंग बाजूने दाबली जातात आणि फार दिवस टिकत नाहीत. एक्सल आणि डिस्कचे बोल्ट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर, टॉर्क पान्याने. १०० आणि ५०० किमीला पुन्हा पाना लावा. चाक बॅलन्स करायची चिकटवायची वजनं कोटिंगनंतर दोन दिवसांनी. ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरात उभी राहिलेली गाडी विकत घेतली असेल तर फोड नसले तरी दोन्ही बेअरिंग आणि बीड उघडून बघाच. गाळ सीलमागे बसलेला असतो.

पावडर नको असेल तर

स्प्रेचं काम वाईट नाही, दुरुस्तीला सोपं आहे. इपॉक्सी प्रायमर, पीयू (पॉलियुरेथेन) बेसकोटचे दोन पातळ हात, वर टू-पॅक क्लिअर. हार्डनरचं प्रमाण डब्यावरचं, अंदाजाचं नाही. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा ॲसिडी प्रायमर मारून त्यावर इपॉक्सी मारायचं असेल तर दोन्ही डब्यांवर ते चालतं असं लिहिलेलं हवं, बहुतेकदा चालत नाही. सुरतेकडून ढग आल्यावर हे काम काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली उत्तम वेळ. डॉट ४ ब्रेक ऑइलचा एक थेंब एकेरी स्प्रेच्या डब्याचा रंग काही मिनिटांत उचलतो, म्हणून मागच्या ब्रेकच्या बाजूला निदान क्लिअर टू-पॅकचंच असावं.

बजाज ॲव्हेंजर क्रूझसारख्या आऱ्यांच्या क्रोम रिमवर थेट पावडर टिकत नाही, आधी क्रोम पूर्ण उतरवावं लागतं. निपलच्या भोकांत पावडर साचली की आरे ताणले जात नाहीत आणि चाक सरळ होत नाही. आरे नवेच घ्या. जुन्यांना पुन्हा क्रोम केलं तर ॲसिडातला हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतात.

चाक नवं घेताना

जुनं कोटिंग वारंवार फुगलेलं, ओठ वाकलेला, बीडवर खोल खड्डे असतील तर त्यावर पैसे घालण्यापेक्षा दुसरं चाक बरं. जुन्या बाजारातलं ताजं रंगवलेलं चाक मुळीच घेऊ नका. उघड्या धातूचं, ओरखडे दिसणारं घ्या, काय घेताय ते तरी कळतं. स्टँडवर फिरवून डायल गेज लावा. अनेक सर्व्हिस पुस्तकांत डुलण्याची अखेरची मर्यादा २ मिमी असते, पण कोटिंगवर खर्च करायचा तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचंच चाक निवडा. नव्यावर आयएसआय चिन्ह बघा, दुचाकीच्या अलॉय रिमचं मानक आयएस १६१९२ आहे.

रंग बदलणं वेगळं आणि माप बदलणं वेगळं. रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५०चा मागचा टायर १४०/७०-१७, उंची साधारण ६२८ मिमी. त्या जागी १५०/७०-१७ घातला की ६४२ होते. १४ मिमी म्हणजे थोडंच वाटतं, पण स्पीडोमीटर चुकतो, चेनगार्ड आणि स्विंगआर्मजवळची जागा अरुंद होते, आणि मूळ रिमची रुंदी पुरेशी नसेल तर टायर मधे फुगून कडा उचलतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आहेच. रुंद टायरची हौस असेल तर त्या गाडीसाठी कंपनीने जे माप दिलंय त्यातलंच निवडा.

कोटिंग परत घेताना

पैसे देण्याआधी जाडी मोजायला लावा, ॲल्युमिनियमवर चालणारा गेज हवा. लोखंडाचा चुंबकी गेज इथे काहीही दाखवतो. सगळे थर मिळून १२० ते १६० मायक्रॉन, क्लिअर असेल तर दोनशेपर्यंत. आतल्या, न दिसणाऱ्या जागी ब्लेडने तीन मिमी अंतराने उभ्या-आडव्या रेघा ओढा, चांगली चिकटपट्टी दाबून झटक्यात खेचा. एकही चौकोन टेपबरोबर आला तर चाक तिथेच परत करा. त्या छोट्या जागेवर नंतर इपॉक्सीचा थेंब लावून टाका.

पुढे धुताना सर्व्हिस स्टेशनचं ॲसिडचं व्हील क्लीनर आणि वरून मारायचा डिझेलचा फवारा, दोन्ही नको म्हणून आधीच सांगा. डिझेल डिस्कवर जातं ते वेगळंच. साधा शाम्पू, भरपूर पाणी, आणि खड्याने उडालेल्या टवक्यावर त्याच आठवड्यात टच-अप. कावी-कंबोईहून आलात तर त्याच दिवशी.